गॅल्व्हेस्टनचा स्ट्रँड : विक्रीने वाचलेली पेठ

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद यांचा तो काळ इतिहासप्रेमींना ठाऊक असतो. रोखलेल्या बंदरांपैकी एक होते टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन.

१८६५ मध्ये युद्ध संपले. मुंबईचे सट्टेबाज बुडाले. गॅल्व्हेस्टनचा कापूस पुन्हा जहाजांवर चढू लागला. बंदराला समांतर जाणाऱ्या ‘स्ट्रँड’ या रस्त्यावर अडते, पेढ्या, विमा कंपन्या यांच्या टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. विटांच्या भिंती, दर्शनी बाजूस बिडाचे नक्षीदार खांब, उंच खिडक्या, असा त्यांचा थाट. निकोलस क्लेटन या आयरिश वंशाच्या वास्तुरचनाकाराने १८८२ मध्ये बांधलेली ट्रूहार्ट-एड्रियन्स इमारत तर रंगीत विटांची नक्षी म्हणूनच पाहावी.

८ सप्टेंबर १९००. चक्रीवादळाने समुद्र बेटावर चढला. किमान सहा हजार माणसे मेली. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीत एवढे बळी अन्यत्र गेलेले नाहीत. स्ट्रँडवरच्या बहुतेक पक्क्या इमारती तगल्या, मूडी इमारतीचा चौथा मजला मात्र गेला. शहराने सागरी भिंत बांधली, जमिनीची पातळी उंचावली. व्यापार मात्र टिकला नाही. १९१४ मध्ये ह्यूस्टनचा जहाजकालवा खुला झाला आणि मोठी जहाजे आत, ह्यूस्टनकडे वळली.

या पडझडीने एक विचित्र उपकार केला. जिथे जमिनीला भाव नसतो, तिथे जुने पाडून मनोरे बांधण्याची घाई कोणाला असणार? काही इमारती पडल्याच; उरलेल्या गोदामे होऊन धूळ खात राहिल्या. दारिद्र्याने जे राखले, ते उपेक्षेने गमावण्याची वेळ आली होती.

गॅल्व्हेस्टन हिस्टॉरिकल फाउंडेशनने १९७३ मध्ये यावर उपाय काढला, तो ‘फिरत्या निधी’चा. मूडी आणि केम्पनर या स्थानिक घराण्यांच्या न्यासांनी पैसा दिला. त्यातून संस्थेने स्ट्रँडवरच्या इमारती ताब्यात घ्यायच्या आणि लगेच विकायच्या. पण खरेदीखतात अटी घालून: दर्शनी भाग बदलायचा नाही, ठरल्या मुदतीत जीर्णोद्धार करायचा. विक्रीचे पैसे निधीत परत येत आणि पुढची इमारत घेता येई. संग्रहालय करून कुलूप लावण्यापेक्षा हा मार्ग अधिक व्यवहारी ठरला, कारण दुकान चालले तरच छपराच्या दुरुस्तीला पैसा मिळतो.

गिऱ्हाईक मिळणे हीच खरी कसोटी होती. ते लाभले बेटावरच जन्मलेल्या जॉर्ज मिचेल या तेलसम्राटाच्या रूपाने. पुढे ‘फ्रॅकिंग’मुळे जगप्रसिद्ध झालेला हाच तो मिचेल. १९७६ मध्ये त्याने पत्नी सिंथियासह स्ट्रँडवरची टॉमस जेफरसन लीग इमारत घेतली, मग एकामागून एक आणखी. १८७९ च्या ब्लम इमारतीत १९८५ मध्ये त्यांचे ट्रिमाँट हाऊस हॉटेल सुरू झाले. १९७६ मध्येच या पेठेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

सप्टेंबर २००८ मध्ये ‘आइक’ वादळाचे खारे पाणी पुन्हा तळमजल्यांत शिरले. बिडाच्या खांबांना खाऱ्या पाण्याइतका वाईट शत्रू नाही; तरीही दुकाने पुन्हा उघडली. अशी अटबद्ध इमारत आज विक्रीस निघाली, तर जागेबरोबर खरेदीखतातील त्या अटीही नव्या मालकाच्या गळ्यात पडतात.