दिनविशेष : १५ डिसेंबर
वानखेडेचा रुसवा

२०२३ साली याच दिवशी मुंबई इंडियन्सने रोहित शर्माचे कर्णधारपद काढून हार्दिक पंड्याकडे दिले. २०१३ ते २०२० या काळात पाच आयपीएल चषक जिंकून देणारा कर्णधार एका पत्रकाने बाजूला झाला.

सौदा आधीच ठरला होता. गुजरात टायटन्सला पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवून देणाऱ्या हार्दिकला मुंबईने नोव्हेंबरात परत आणले, तेही बदली खेळाडू न देता, रोखीने. त्याचे मानधन १५ कोटी. ही जागा करण्यासाठी साडेसतरा कोटींचा कॅमेरून ग्रीन बंगळुरूला गेला. हिशेब चोख होता. प्रेक्षकांना मात्र कोणी विचारले नव्हते.

१ एप्रिल २०२४. वानखेडेवर नाणेफेकीलाच हार्दिकची एवढी हुर्यो उडाली, की समालोचक संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा असे सांगावे लागले. घरच्या मैदानावर घरच्याच कर्णधाराची ही शोभा! त्या हंगामात मुंबई तळाला, दहाव्या स्थानी राहिली.

२९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक भारताचा कर्णधार असलेल्या रोहितने हार्दिकच्याच हाती दिले. भारत ७ धावांनी जिंकला.