घरगुती नेटवर्कवरील फाइल शेअरिंग : अडचणी व उपाय

एकाच राउटरला जोडलेल्या संगणकांनी एकमेकांचे फोल्डर उघडण्याची सोय म्हणजे फाइल शेअरिंग. तिला इंटरनेट लागत नाही. जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी घरालगतच्या सेवा केंद्रात नेट गेले, तरी एका संगणकावर स्कॅन केलेला कागद दुसऱ्यावर उघडू शकतो. विंडोजमध्ये हे काम एसएमबी हा प्रोटोकॉल करतो. त्याचा आरंभ १९८३ साली आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी केला. शेअरिंग अडले की केबल आणि राउटरवर संशय घेतला जातो, पण बरेचदा मोडलेले काहीच नसते; समोरच्या संगणकाने सुरक्षेपोटी दार लावलेले असते. म्हणून ते कुठे लागले आहे, हे आधी शोधावे. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता दिसला, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. एक संगणक गेस्ट वाय-फायवर असेल, तर दोघांची गाठ सहसा पडत नाही. नेटवर्कच्या यादीत समोरच्या संगणकाचे नाव नसूनही दोन उलट्या तिरक्या रेघांपुढे आयपी पत्ता टाइप केल्यावर फोल्डर दिसले, तर अडचण फक्त नाव शोधण्यात आहे. तसेही उघडले नाही, तर नेटवर्क ‘पब्लिक’ ऐवजी ‘प्रायव्हेट’ करून शेअरिंग चालू करावे. समोरच्या संगणकाने ओळख विचारली, तर लॉगिनचा पिन चालत नाही, खात्याचा पासवर्ड लागतो. पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून सहसा आत घेत नाही. फाइल दिसते पण सेव्ह होत नाही, तेव्हा शेअरची आणि फोल्डरची अशा दोन्ही परवानग्या तपासाव्यात. त्यांतली कडक असेल ती लागू होते.

घरातल्या घरात एवढा बंदोबस्त कशाला, फायरवॉलच बंद करावी, असा सल्ला सर्रास मिळतो. त्याने काम होतेही, पण वाय-फायचा पासवर्ड पाहुण्यांनाही दिलेला असतो आणि सेवा केंद्राच्या फोल्डरमध्ये इतरांचे आधार कार्ड असते. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा व्हायरस एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीतून आणि चोरलेल्या पासवर्डांच्या जोरावर आतल्या नेटवर्कमध्ये पसरला. त्यात न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज कोलमडले. त्याआधी मे महिन्यातील वॉनाक्राय या व्हायरसनेही हीच त्रुटी वापरली होती. त्याच वर्षीच्या शरद ऋतूपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ही आवृत्ती सहसा येईनाशी झाली, तर २०१८ मध्ये होमग्रुप ही विंडोजची घरगुती शेअरिंगची सोयही काढली गेली. अपडेटनंतर ‘कालपर्यंत चालत होते’ ही तक्रार अनेकदा इथूनच येते. जुन्या स्कॅनरला पहिलीच आवृत्ती कळते, हा आक्षेप खरा आहे. मात्र तिच्यासाठी सगळे संगणक उघडे टाकण्यापेक्षा त्या स्कॅनरपुरता पेनड्राइव्ह वापरणे परवडते.