पाचाचा पंच आणि मे महिन्यातलं लिंबू

उन्हाळ्यात संध्याकाळी घरी कुणी आलं, की आमच्या नेरला लिंबू पिळलं जातं. मोठ्या शहरात त्याच ग्लासात रम पडली आणि काठावर एक चकती अडकवली, की त्याचं कॉकटेल होतं. मग ते विलायतेहून आल्यासारखं वाटतं. खरं तर ते इथून तिकडे गेलं.

'पंच' या पेयाचा इंग्रजीतला जुन्यात जुना उल्लेख १६३२ सालच्या एका पत्रात आहे, आणि ते पत्र ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाचं आहे. लांबच्या प्रवासात बिअर आणि वाइन टिकत नसे. मग खलाशी इथली ताडामाडाची दारू, म्हणजे अरक, प्यायला लागले. १६७० च्या दशकात इकडे आलेला कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर लिहितो की, गोव्याकडच्या नेरूळची अरक सर्वांत चांगली (नेरूळ हं, आमचं नेर नव्हे!) आणि तिच्यापासून इंग्रज 'पंच' करतात. नाव 'पाच' वरून, कारण जिन्नस पाच. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला, असा हिशेब सहसा सांगतात. काही अभ्यासक नावाचा संबंध 'पंचेऑन' नावाच्या पिंपाशी जोडतात. मला पाचच पटतं.

हे पेय पुढे लंडनला गेलं, तिथून अमेरिकेला. १८६२ मध्ये जेरी थॉमसने न्यूयॉर्कमध्ये बारवाल्यांसाठी पुस्तक काढलं, त्यातही पंचच्या कृतींचा मोठा भरणा आहे. आजची दारू-लिंबू-साखरेची बहुतेक कॉकटेलं याच घराण्यातली. इकडे दारू वगळून उरलेले चार जिन्नस घरोघरी होतेच. त्यांना आपण सरबत म्हणतो, आणि तो शब्द अरबी.

पण विदर्भातली खरी अडचण लिंबाचीच आहे. संत्र्याचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि फळ दिवाळीच्या आगेमागे येतं. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. म्हणजे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा झाडावर पिकलेलं संत्रं नसतं. लिंबाला उन्हाळ्यात फळ हवं तर हस्त बहार धरावा लागतो. त्यासाठी पावसाळा सरताना झाडाला ताण द्यायचा, पाणी तोडायचं. नेमका तेव्हाच परतीचा पाऊस कोसळतो, ताण बसत नाही, फूल येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये एक लिंबू दहा रुपयांना गेलं, ते आठवत असेल. व्यापाऱ्याला शिव्या देण्याआधी सप्टेंबरचा पाऊस आठवावा. आमच्याकडे मे महिन्यात कैरीचं पन्हं चालतं, त्यात चवीइतकंच हे गणितही असावं.

आता माझा पंच. मार्चअखेर मृगाची शेवटची संत्री मिळाली, की दोन संत्र्यांचा रस, अर्धं लिंबू, थोडा गूळ, चिमूटभर मीठ-मिरपूड आणि वाळा घातलेल्या माठातलं पाणी. मोजलं तर पाचाच्या वर जातं. बर्फ नाही. वास मरतो. कुणाला यात जिन घालायची असेल तर घालावी, फ्रायरची हरकत नसती. फक्त रस काढून फ्रिजमध्ये ठेवू नका. नागपुरी संत्र्याच्या रसात काही तासांत लिमोनिन तयार होतं आणि तो कडू होतो. इतकं संत्रं पिकवूनही त्याचा रस बाटलीत भरणं अवघड जातं, त्याचं हे एक कारण. पाहुणे दारात आले की मगच चिरायचं.