मुसॉर्ग्स्कीची चित्रमालिका आणि न्यूकॅसल येथील ध्वनिमुद्रिका

स्वरलिपीत लिहिलेली रचना हीच संहिता आणि वादन हे तिचे केवळ उच्चारण, अशी समजूत पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या क्षेत्रात दीर्घकाळ रूढ होती. १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्रोग्रेसिव्ह रॉक या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या संगीतप्रवाहाने तिला धक्का दिला. इमर्सन, लेक अँड पामर या त्रयीची ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ ही प्रत्यक्ष मैफलीची ध्वनिमुद्रिका या दृष्टीने महत्त्वाचा पुरावा होय. अभिजात कृतीची विटंबना, असा आक्षेप अशा रूपांतरांवर घेतला जातो. त्याचे मूल्य ठरविण्यासाठी मूळ कृतीचा इतिहास प्रथम पाहणे अवश्य आहे.

व्हिक्टर हार्टमान हा वास्तुशिल्पी व चित्रकार १८७३ साली निधन पावला. पुढील वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे भरलेल्या त्याच्या चित्रांच्या प्रदर्शनावरून त्याचा मित्र मोदेस्त मुसॉर्ग्स्की याने पियानोसाठी दहा चित्रांची मालिका रचली व ‘प्रोमेनाड’ म्हणजे फेरफटका या आवर्ती रचनेने ती गुंफली. मुसॉर्ग्स्कीच्या हयातीत ती प्रसिद्ध झाली नाही. १८८६ साली ती छापली गेली तेव्हा रिम्स्की-कोर्साकोव्ह याचा संपादकीय हात तिच्यावरून फिरला होता. १९२२ मध्ये मॉरिस राव्हेल याने तिला वाद्यवृंदाचे रूप दिले आणि तसे करताना एक फेरफटका गाळला. विसाव्या शतकातील बहुसंख्य श्रोत्यांना परिचित असलेली कृती ती हीच. तात्पर्य, ज्या मूळ रूपाच्या रक्षणाची भाषा केली जाते, ते रूप श्रोत्यांपर्यंत पोहोचले तेच मुळी रूपांतराच्या द्वारे.

कीथ इमर्सन, ग्रेग लेक व कार्ल पामर यांनी १९७० च्या ऑगस्टमधील आपल्या पहिल्या मैफलींपासूनच ही मालिका सादर केली. इमर्सनने यापूर्वी ‘द नाइस’ या वृंदात बाख व सिबेलियस यांच्या रचना रॉकच्या घाटात बसविल्या होत्या. तेव्हा हा उपक्रम आकस्मिक नव्हता. २६ मार्च १९७१ रोजी न्यूकॅसलच्या सिटी हॉलमध्ये झालेले वादन मुद्रित करण्यात आले. तबकडी मात्र नोव्हेंबरमध्ये, ‘टार्कस’ ही स्टुडिओत तयार झालेली ध्वनिमुद्रिका निघून गेल्यावर, नेहमीपेक्षा कमी किमतीस विक्रीस आली. ब्रिटनच्या विक्रीसूचीत ती तिसऱ्या, तर पुढे अमेरिकेत दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचली.

दहा चित्रांपैकी या त्रयीने चारच निवडली : खुजा, जुना किल्ला, बाबायागाची झोपडी आणि कीव्हचे महाद्वार. प्रारंभीचा फेरफटका सभागृहातील पाइप ऑर्गनवर जवळजवळ मुळाबरहुकूम वाजतो. त्याची पाच व सहा मात्रांची आलटूनपालटून येणारी चालही कायम राहते. त्यानंतर मात्र वाट बदलते. मुसॉर्ग्स्कीचा मंद, विषण्ण किल्ला मूग सिंथेसायझरवर द्रुत लयीत अवतरतो आणि तेथूनच ब्लूज पद्धतीच्या स्वतंत्र विस्तारात प्रवेश होतो. ‘द सेज’ हे गीत तर लेकचे स्वतःचे, मुळात नसलेले. म्हणजे येथे निष्ठा आणि स्वातंत्र्य ही दोन्ही एकाच मैफलीत, कोणतीही लपवाछपवी न करता, शेजारी शेजारी नांदतात. टीकाकाराने मूळ वचन आधी उद्धृत करावे आणि मग त्यावर भाष्य करावे, तशीच ही रीत आहे.

या वादनाचे मुद्रण प्रत्यक्ष मैफलीत झाले, ही गोष्ट गौण नव्हे. मंचावरील विस्तार प्रसंगागणिक बदलत असे. तबकडीने त्यांतील एका रात्रीचा पाठ कायम केला आणि श्रोत्यांच्या टाळ्यांसह जपला. या मालिकेनंतर येणारे ‘नटरॉकर’ हेदेखील चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’मधील संचलनगीताचे १९६२ मध्ये लोकप्रिय झालेले रूपांतर होते. अर्थात ते रूपांतराचेच पुन्हा केलेले वादन ठरते.

यावरून विटंबनेचा आक्षेप टिकत नाही, असेच म्हणावे लागते. प्रत्येक विस्तार सारखाच कसदार आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. काही ठिकाणी वादनकौशल्याचे प्रदर्शन रचनेवर मात करते. परंतु तो गुणदोषांचा प्रश्न झाला, अधिकाराचा नव्हे. मालिकेच्या अखेरीस असलेले कीव्हचे महाद्वार हार्टमानने केवळ कागदावर रेखाटले होते. ते कधीही बांधले गेले नाही. पियानोने, वाद्यवृंदाने आणि अखेर न्यूकॅसलच्या त्या त्रयीने ते आपापल्या साधनांनी उभारले. ज्या वास्तूचे मूळच अस्तित्वात आले नाही, तिच्या बाबतीत प्रत्येक पिढीची उभारणी हाच तिचा इतिहास होय.