अराज्यवादी क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य

'अराजक' म्हणजे बेबंदशाही, हा अर्थ मराठीत रूढ आहे. 'अराज्यवाद' ही विचारसरणी मात्र वेगळी आहे. माणसे परस्पर सहकार्याने समाज चालवू शकतात, त्यासाठी वरून हुकूम सोडणाऱ्या राज्यसंस्थेची गरज नाही, असे ती मानते. रशियाचे मिखाईल बाकुनिन (१८१४-१८७६) आणि प्योत्र क्रपॉटकिन (१८४२-१९२१) हे तिचे प्रमुख विचारवंत होत. भारतात या विचारासाठी मुंबईत राहून अखेरपर्यंत लेखणी झिजविणारे क्रांतिकारक म्हणजे एम. पी. टी. आचार्य.

आचार्यांचा जन्म १८८७ मध्ये मद्रास येथे झाला. सुब्रमण्य भारती यांच्या 'इंडिया' साप्ताहिकाचे काम करताना इंग्रज सरकारचा ससेमिरा मागे लागला आणि ते युरोपला गेले. लंडनच्या 'इंडिया हाऊस'मध्ये विनायक दामोदर सावरकर त्यांचे सहकारी होते. १७ ऑक्टोबर १९२० रोजी ताश्कंद येथे मानवेंद्रनाथ रॉय आदींसमवेत त्यांनी भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना केली. परंतु रॉय यांच्याशी मतभेद झाले आणि १९२१ मध्ये त्यांना पक्षातून काढण्यात आले.

बाकुनिन यांच्या वाट्यालाही असाच प्रसंग आला होता. १८७२ मध्ये हेगच्या अधिवेशनात मार्क्सच्या गटाने त्यांना आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतून काढले. कामगारांच्या नावाने उभी राहिलेली राज्यसत्ता अखेर कामगारांवरच स्वार होईल, असा बाकुनिन यांचा इशारा होता. त्याची प्रचीती आचार्यांना सोव्हिएत रशियात आली. १९२२ मध्ये बर्लिनला गेल्यावर ते अराज्यवादी कामगार चळवळीत सामील झाले.

१९३५ मध्ये ते रशियन चित्रकार पत्नी माग्दा नाखमन यांच्यासह मुंबईत परतले. १९३७ मध्ये त्यांच्या आठवणी पुण्याच्या 'मराठा' या इंग्रजी साप्ताहिकात प्रसिद्ध झाल्या. रणछोडदास लोटवाला यांच्या संस्थेतही त्यांनी काम केले. ही संस्था पुढे 'लिबर्टेरियन सोशलिस्ट इन्स्टिट्यूट' या नावाने ओळखली गेली. गोऱ्यांची सत्ता जाऊन देशी सत्ता आली, तरी अधिकार एकाच ठिकाणी एकवटलेले राहिल्यास श्रमिकाला स्वातंत्र्य मिळणार नाही, असे त्यांचे मत होते. स्वायत्त स्थानिक समाज आणि गरजेनुसार उत्पादन हा त्यांचा पर्याय होता. गांधीजींच्या अहिंसक असहकारात त्यांना अराज्यवादाचे साधन दिसले. माग्दा १९५१ मध्ये निवर्तल्या. २० मार्च १९५४ रोजी मुंबईतच आचार्यांचेही निधन झाले.

नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला हा विचार परका वाटू नये. बैल, औत आणि श्रम एकत्र करून शेजाऱ्याचे शेत उरकून देणारी 'इर्जिक' येथे कोणाच्या हुकुमाने सुरू झाली नाही. अशाच परस्पर साहाय्यावर क्रपॉटकिन यांनी १९०२ मध्ये ग्रंथ लिहिला. गावाचा निर्णय गावाने घ्यावा की वरून यावा, हा आचार्यांचा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेपुढे आजही उभा आहे.