मांसाच्या तुकड्यापासून माशाच्या जातीपर्यंत

सांडलेले रक्त, कातडे किंवा मांसाचा तुकडा तपासून तो कोणाचा हे सांगणारे शास्त्र भारतात रुजले ते मुख्यतः हैदराबादेत. पुष्पमित्र भार्गव यांच्या पुढाकाराने १९७७ साली तेथे सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायोलॉजी, म्हणजे सीसीएमबी, ही संस्था उभी राहिली. या संस्थेतील शास्त्रज्ञ लालजी सिंह यांचे मूळ काम सापांच्या लिंगगुणसूत्रांवर होते. पट्टेरी मण्यारीच्या डीएनएतून हाती आलेला एक तुकडा वापरून त्यांनी १९८८ च्या सुमारास डीएनए ठशांचे भारतीय तंत्र सिद्ध केले. पितृत्वाचे वाद आणि गुन्ह्यांचे खटले यांत ते लवकरच कामी येऊ लागले.

ठसा व्यक्ती ओळखतो. चोरट्या शिकारीच्या खटल्यात मात्र प्रश्न वेगळा असतो: पातेल्यात शिजलेले मांस हरणाचे की बकरीचे? त्यासाठी सुनीलकुमार वर्मा आणि लालजी सिंह यांनी मायटोकाँड्रियातील सायटोक्रोम बी जनुकाचा असा भाग निवडला, की ज्याच्या दोन्ही टोकांचा क्रम बहुतेक प्राण्यांत सारखा, पण मधला जातीगणिक बदलणारा. हे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. वन्यजीवांसाठीची लॅकोन्स ही सीसीएमबीची प्रयोगशाळा राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते २००७ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली.

त्याच २००३ साली कॅनडात पॉल हेबर्ट यांनी सीओआय या मायटोकाँड्रियातल्याच दुसऱ्या जनुकातील सुमारे ६५० अक्षरांचा पट्टा सर्व प्राण्यांसाठी ‘बारकोड’ म्हणून सुचवला. माशांना तो फार उपयोगी ठरला, कारण डोके, खवले आणि पर काढलेला मासा पाहून जात सांगणे जाणत्यालाही कठीण. अंडी आणि पिल्ले तर त्याहून अवघड. पराचा किंवा स्नायूचा चिमूटभर तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवला की काम भागते. फॉर्मलिनमधल्या नमुन्यातला डीएनए मात्र तुटत जातो. भारतीय समुद्रातील ११५ जातींचे बारकोड लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. एकाच जातीच्या माशांत सरासरी फरक ०.३० टक्के, तर एकाच प्रजातीतल्या वेगवेगळ्या जातींत ६.६० टक्के निघाला. पद्धतीचा सगळा भरवसा या अंतरावर आहे.

पापलेटाचे उदाहरण महाराष्ट्राला जवळचे. भारतातले रुपेरी पापलेट वर्षानुवर्षे पॅम्पस अर्जेंटियस म्हणून नोंदले जात होते. डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासल्यावर ते पॅम्पस कँडिडस, म्हणजे क्युव्हिए यांनी १८२९ मध्ये वर्णिलेली जात, असल्याचे दिसले. सप्टेंबर २०२३ मध्ये रुपेरी पापलेट राज्यमासा जाहीर झाले. मासेमारीचे नियम ठरवताना जातींमधला हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वाढ आणि विणीचे आकडे दुसऱ्या जातीचे घेतले तर जाळ्याच्या आसाचे, म्हणजे भोकांच्या मापाचे, गणितही चुकते.

बारकोडला मर्यादाही आहे. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकर त्यातून कळत नाही. गुजरातचे आणि कोकणचे पापलेटांचे थवे वेगळे आहेत का, हे ठरवायला पेशीकेंद्रातल्या डीएनएची खूणचिन्हे तपासावी लागतात, आणि तीही प्रत्येक बंदरावरच्या पुष्कळ माशांत.