शब्दयादी आणि परवलीचा शब्द : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
डेटाबेसच्या सुरक्षिततेची चर्चा बहुधा यंत्रणेच्या सामर्थ्याभोवती फिरते. इतिहास मात्र परवलीच्या शब्दाच्या, म्हणजेच पासवर्डच्या, निवडीकडे बोट दाखवितो. पासवर्ड सामान्यतः मूळ रूपात न साठविता गणिती प्रक्रियेने बदलून साठविला जातो. या बदललेल्या रूपावरून मूळ शब्द थेट काढता येत नाही. परंतु यादीतील प्रत्येक शब्दावर तीच प्रक्रिया करून जुळणी पाहता येते. शब्दयादीचे तत्त्व ते हेच.

१. तपासणीचे साधन :
१९७९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधील रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी ३,२८९ पासवर्डांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४९२ शब्दकोश, नामसूची इत्यादींत आढळले. अतिलघु व सोपे शब्द धरता सुमारे ८६ टक्के कमकुवत ठरले.

२. आक्रमणाचे साधन :
नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या 'वर्म'ने इतर मार्गांबरोबरच ४३२ शब्दांची यादी वापरली. त्याचा कर्ता रॉबर्ट टॅपन मॉरिस हा उपरोक्त मॉरिस यांचाच पुत्र होय. पित्याने दाखविलेला दोष नऊ वर्षांनंतरही कायम होता. पुढे १९९१ मध्ये ॲलेक मफेट यांच्या 'क्रॅक' या प्रणालीने व्यवस्थापकांना तपासणीचे तयार साधन दिले.

३. डेटाबेसचे क्षेत्र :
येथे समस्या अधिक सोपी, म्हणूनच अधिक गंभीर होती. ओरॅकलमधील 'स्कॉट' या नमुना खात्याचा 'टायगर' हा पासवर्ड सर्वश्रुत होता. मे २००२ मध्ये एसक्यूएल सर्व्हरच्या 'एसए' खात्याचा रिकामा पासवर्ड हेरणारा वर्म पसरला. डिसेंबर २००९ मध्ये 'रॉकयू'च्या डेटाबेसमधून मूळ रूपातच साठविलेले सुमारे ३.२ कोटी पासवर्ड बाहेर पडले व तेच पुढे शब्दयादी बनले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या 'निस्ट' संस्थेने नवा पासवर्ड स्वीकारण्यापूर्वीच अशा यादीशी ताडून पाहावा, असे मार्गदर्शन केले.

निष्कर्ष :
यादी एकच, ती प्रथम कोण वापरतो, रक्षक की आक्रमक, यावर परिणाम ठरतो. शिवाय यादी वापरकर्त्यांच्या भाषेतील हवी. मराठी भाषकांच्या महाविद्यालयात देवदेवता, गावे, आडनावे यांचा समावेश नसलेली यादी अपुरीच ठरेल. विद्यार्थ्यांचे गुण व प्रवेश ज्या डेटाबेसवर अवलंबून आहेत, त्याची अशी तपासणी प्राचार्यांच्या लेखी अनुमतीने नियमितपणे होणे अगत्याचे आहे.